गाडी ओढून नेली, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हप्ते थकले म्हणून बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ज्यांची चारचाकी ताब्यात घेतली, त्यांच्यासाठी हे पान आहे. कोणी 'गाडी ओढली' म्हणतं, कोणी 'उचलली', कोणी 'सीझ केली'. आमच्या टेबलासमोर येणारा माणूस बहुतेकदा दोनच गोष्टी बोलतो. एक तर 'यांच्यावर चोरीची केस टाका', नाहीतर 'गेली तर गेली, सुटलो एकदाचा'. पहिलं सहसा टिकत नाही आणि दुसरं खरं नसतं, कारण गाडी गेली तरी कर्जखातं चालूच राहतं. गाडी यार्डात, म्हणजे उचललेल्या गाड्या ठेवतात त्या आवारात, पोचल्यापासून विकली जाईपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, त्यांत तुम्ही काय लिहून देता आणि काय लिहून घेता यावर पुढचं सगळं ठरतं.

आरसी बुकवर माझं नाव आहे. मग ते गाडी नेऊच कशी शकतात?

आरसी नीट पाहा. तुमच्या नावाखाली बँकेचं किंवा कंपनीचं नाव आणि 'हायपोथिकेशन' असा शब्द असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ खाली ती नोंद होते. त्याचा अर्थ गाडी तुमची, पण तारण आहे. कर्जाच्या करारात, ज्याच्या पंधरा-वीस पानांवर तुम्ही शोरूममध्ये चहा पिता पिता सह्या केल्या, त्यात हप्ते थकल्यास ताबा घेण्याचं कलम असतं. असं कलम असेल तर ताबा घेण्याला कायद्याची मूळ आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. म्हणूनच नुसती 'गाडी चोरली' ही फिर्याद टिकत नाही.

पण हक्क आहे म्हणून तो कसाही बजावता येत नाही. कर्जवसुली आणि वाहनजप्ती कायदेशीर मार्गानेच व्हायला हवी, बँकांना त्यासाठी गुंड नेमता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि २०११ मध्ये पुन्हा सांगितलं. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने वसुली एजंटांकरवी बळजबरीने गाड्या उचलणं बेकायदा ठरवून संबंधित बँका-कंपन्यांना प्रत्येकी ५०,००० रुपयांचा दंड लावला. तुमची बाजू 'गाडी नेली' यावर उभी करू नका, 'कशी नेली' यावर उभी करा.

एक हप्ता चुकला तरी उचलतात का?

करारात बहुधा 'कोणताही हप्ता' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे कागदोपत्री हो. प्रत्यक्षात दोन-तीन हप्ते जाईपर्यंत फोनच येत राहतात. '९० दिवस झाल्याशिवाय हात लावू शकत नाहीत' असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. ते ९० दिवस खातं अनुत्पादित (एनपीए) ठरवण्याच्या नियमातले आहेत, बँकेच्या वहीतले. गाडीच्या ताब्याशी त्यांचा थेट संबंध नाही.

नोटीस न देताच नेली. म्हणजे बेकायदाच ना?

याचं उत्तर तुमच्या करारात आहे, आणि करार तुमच्याकडे नसतो ही खरी अडचण आहे. म्हणून पहिलं काम, कराराची पूर्ण प्रत लेखी मागा.

फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने घातलेल्या न्याय्य व्यवहाराच्या नियमांत, करारातल्या ताबा-कलमात काय काय असलंच पाहिजे ते ठरवून दिलं आहे. ताब्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत टाळता येईल, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी परत देण्याची पद्धत आणि विक्रीची किंवा लिलावाची पद्धत. कंपनीने कर्ज देतानाच त्याची प्रत तुम्हाला द्यायला हवी. शिवाय कंपनीचा पत्रव्यवहार कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. नोटीस इंग्रजीतून आली असेल तर 'मला मराठीत कळवा' असं लिहिणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ताब्यापूर्वी नोटीस हवी की नको हे त्या त्या करारावर अवलंबून आहे. करारात नोटीस असून दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. त्या प्रकरणात ग्राहकाला खालच्या ग्राहक मंचांनी दिलेला मोठा दिलासा रद्द झाला आणि नोटिशीतल्या त्रुटीपोटी हातात आले १५,००० रुपये. 'नोटीस नव्हती, आता गाडी फुकटात परत मिळणार' असं कोणी सांगत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

रस्त्यात चौघांनी अडवलं, चावी काढून घेतली, बायकोमुलांना खाली उतरवलं. हे चालतं?

नाही चालत. वसुली एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं किंवा कंपनीचं अधिकारपत्र असलं पाहिजे. त्याने ठरलेलं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देणं, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करणं, या सगळ्याला मनाई केली. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच. 'तो आमचा माणूस नाही' हे उत्तर चालत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झारखंडमधल्या हजारीबागेत ट्रॅक्टर ओढून नेताना एका गरोदर स्त्रीचा जीव गेला. रिझर्व्ह बँकेने ट्रॅक्टरचं कर्ज देणाऱ्या कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली आणि जप्ती करायलाच बंदी घातली, ती काही महिन्यांनी उठली.

प्रसंग घडत असेल तर ११२ ला फोन करा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. हातापाई करू नका, कारण तुम्ही हात उचललात की तक्रार तुमच्याविरुद्धही होते. घडून गेला असेल तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. जागा, वेळ, किती माणसं, त्यांच्या गाडीचा नंबर, जवळच्या पेट्रोल पंपाचा किंवा हॉटेलचा सीसीटीव्ही, सगळं लिहा. ठाणे अंमलदार 'हे दिवाणी आहे, कोर्टात जा' म्हणतील. गाडीचा वाद दिवाणी असेल, मारहाण आणि धमकी दिवाणी नसते. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज आणि तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाणं, हा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १७५ मध्ये आहे.

त्यांनी 'सरेंडर लेटर'वर सही घेतली. आता संपलं का?

त्या कागदावर छापील मजकूर असतो, 'मी हप्ते भरण्यास असमर्थ असल्याने वाहन स्वखुशीने जमा करीत आहे.' रस्त्याच्या कडेला रात्री साडेनऊला कोणीही काहीही स्वखुशीने जमा करत नसतं, पण नंतर ग्राहक आयोगासमोर तोच कागद पुढे येतो. सही करायची नव्हती हे दोन महिन्यांनी सांगून उपयोग होत नाही. दुसऱ्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवा, की सही दबावाखाली घेतली, मजकूर वाचू दिला नाही, प्रत दिली नाही.

सही अजून झालेली नसेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा, 'निषेध नोंदवून, हक्क राखून'. मग तारीख आणि वेळ. एजंट वैतागतो, लिहू द्यायचं नाही म्हणतो. तसं म्हणाला तर सही करू नका.

गाडीत सामान राहिलं. पाना-पेटी, मुलाचं दप्तर, डॅशबोर्डवरचा गणपती.

तारण गाडी आहे, दप्तर नाही. वैयक्तिक वस्तू ठेवून घेण्याचा किंवा त्या परत देण्यासाठी पैसे मागण्याचा अधिकार कोणालाच नाही. गाडीला पक्क्या बसवलेल्या गोष्टींचं, म्हणजे सीएनजी किट किंवा म्युझिक सिस्टिमचं, तसं नाही. बहुतेक करारांत 'जोडलेल्या उपकरणांसह' असे शब्द असतात.

ताबा घेताना एक यादी भरतात, यार्डवाले तिला 'इन्व्हेंटरी' म्हणतात. कार्बन लावलेला पिवळट कागद, त्यावर रकाने. स्टेपनी: हो. जॅक: हो. बॅटरी: आणि इथे नुसतीच एक रेघ. टायर: ४, पण कोणत्या कंपनीचे, किती घासलेले, काही नाही. किलोमीटरचा रकाना कोरा. हा कोरा रकाना पुढे महागात पडतो. यार्डात दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीची नवी बॅटरी जुनी होते, टायर बदललेले निघतात, आणि किंमत करणारा येतो तेव्हा 'गाडी खराब अवस्थेत' असं लिहून जातो. म्हणून यादीची प्रत घ्या, नसेल दिली तर लेखी मागा, आणि यार्डात जाऊन गाडीचे चारही बाजूंनी, मीटरसकट फोटो काढा. आत सोडत नसतील तर 'अमुक तारखेला आलो, सोडलं नाही' असा ईमेल यार्डाच्या दारातूनच पाठवा.

गाडी परत हवी आहे. किती भरावं लागेल?

दोन वाटा आहेत. थकलेले हप्ते, दंड आणि उचलण्याचा खर्च भरून खातं सुरळीत करायचं, किंवा संपूर्ण कर्जच फेडायचं. पहिली वाट कायद्याने सक्तीची नाही, करारात आणि कंपनीच्या धोरणात असेल तर मिळते. कंपनीने एकदा 'पूर्ण कर्ज परत मागत आहोत' अशी नोटीस काढली की शाखेतली माणसं दुसरीच वाट दाखवतात. तरीही मागून पाहा. वापरलेली गाडी लिलावात विकणं कंपनीलाही नकोसंच असतं, आणि पैसे घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला शाखा सहसा परत पाठवत नाही.

रक्कम फोनवर ऐकून भरू नका. लेखी फोड मागा. उरलेलं मुद्दल, व्याज, दंड, चेक परतीचा आकार, उचलण्याचा खर्च, यार्ड भाडं, प्रत्येक ओळ वेगळी. यात दंडाची ओळ बारकाईने पाहा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार 'दंडव्याज' लावायचं नाही, लावायचा तर 'दंड आकार', आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, जुन्या कर्जांना त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत लागू करायचं होतं. या दंड आकारावर जीएसटीही लागत नाही, तसा खुलासा झालेला आहे, तरी हिशेबात १८ टक्के दिसला तर विचारा.

पैसे कर्जखात्यातच भरा. एजंटाच्या फोनवर 'स्कॅन' करून पाठवलेले पैसे खात्यात न पोचल्याचं रडगाणं आम्ही दर महिन्याला ऐकतो.

लिलावाआधी मला कळवावं लागतं का? कवडीमोलाने विकली तर?

करारात शेवटच्या संधीची तरतूद असायलाच हवी, हे वर आलंच. गहाण मालाविषयी भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १७६ विक्रीपूर्वी वाजवी नोटीस मागतं, आणि गाडीच्या विक्रीचे वाद याच तत्त्वावर लढवले जातात. त्याच कलमात पुढे आहे की विक्रीतून येणं भागलं नाही तर उरलेलं तुम्ही द्यायचं, आणि जास्त आलं तर वरचं तुम्हाला परत मिळायचं. वरचे पैसे मिळतात हे बहुतेकांना माहीतच नसतं. मागणाऱ्यालाच ते मिळतात, असा आमचा अनुभव.

विक्रीपूर्वी एक पत्र जाऊ द्या. त्यात एवढंच, की विक्रीची तारीख, वेळ, पद्धत आणि राखीव किंमत मला कळवा, मूल्यांकनाचा अहवाल द्या, आणि मी स्वतः गिऱ्हाईक आणू इच्छितो. ओळखीतला गिऱ्हाईक चांगला भाव देत असेल तर त्याचा लेखी देकार सोबत जोडा. कंपनीने तो डावलून कमी भावात गाडी विकली, तर किंमत पाडल्याचा याहून सोपा पुरावा नाही. देकार नसेल तर विमा पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली किंमत, आणि त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाड्यांच्या जाहिराती जपून ठेवा. लिलावात भाव थोडा कमीच येतो, ते गृहीत धरा. साडेचार लाखांच्या आयडीव्हीची गाडी चार लाखांना गेली तर भांडण लांबत नाही. दोन लाखांना गेली, तर बोली लावणारे किती होते, कोण होते, जाहिरात कुठे दिली होती, हे विचारण्यात अर्थ आहे.

गाडी विकली, तरी ६८,००० रुपये मागतायत. का द्यायचे?

आधी हिशेब मागा. उदाहरण म्हणून असा धरू. उरलेलं मुद्दल ३,६०,०००. थकलेलं व्याज १४,०००. दंड आकार ६,०००. उचलण्याचा खर्च ९,०००. यार्ड भाडं ४,०००. एकूण ३,९३,०००. गाडी विकली ३,२५,००० ला. उरले ६८,०००.

आता एकेक ओळ घ्या. उचलण्याचे ९,००० कशाचे, पावती कुठे? गाडी तुम्ही स्वतः यार्डात नेऊन दिली असेल तर ओढणावळ कसली? यार्डाचे ४,००० म्हणजे रोज १०० रुपयांनी ४० दिवस. तुम्ही दहाव्या दिवशीच 'मला परत नको, लवकर विका' असं लिहून दिलं असेल, तर पुढच्या ३० दिवसांचे ३,००० तुमच्या माथी का? दंडाचे ६,००० कोणत्या तारखांचे? अशी घासाघीस झाल्यावर जे उरतं ते खरोखर देणं असतं, हेही मान्य करावं लागतं. गाडी गेली म्हणून ते माफ होत नाही. तिथून पुढे तडजोड. कंपन्या एकरकमी भरणाऱ्याला सूट देतात, पण सूट फोनवरची नको, लेटरहेडवरची हवी, 'ही रक्कम भरल्यावर खात्यात काहीही येणं राहणार नाही' या वाक्यासकट.

जामीनदार असलेल्या मेहुण्याला फोन येतायत.

येणारच. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. त्यालाही हिशेब मागण्याचा हक्क आहे, आणि त्याने पैसे भरले तर ते तुमच्याकडून वसूल करण्याचाही. वसुलीच्या वेळेचे आणि वागणुकीचे नियम त्याच्या बाबतीतही पाळावे लागतात.

कर्ज घेताना दिलेले कोरे चेक आता टाकलेत.

चेक परत आला की चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८. बँकेकडून चेक परतीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ते तुम्हाला नोटीस पाठवतात, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे. त्या १५ दिवसांत उत्तर नक्की द्या. गाडी किती तारखेला विकली, किती आले, चेकवरची रक्कम खऱ्या येण्यापेक्षा किती जास्त आहे, हे त्यात आकड्यांनिशी येऊ द्या. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच कारवाई होऊ शकते. समन्स आल्यावर मात्र तारीख चुकवू नका. वॉरंट निघतं ते कर्ज थकल्यामुळे निघत नाही, गैरहजर राहिल्यामुळे निघतं.

मी राहतो बार्शीला आणि लवादाची नोटीस आलीय चेन्नईहून!

करारात वाद लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या माणसाकडे, जाईल असं कलम असतं आणि ठिकाण कंपनीच्या सोयीचं. अशी नोटीस फाडून टाकणारे पुष्कळ. मग एकतर्फी निवाडा होतो आणि तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. एका पानाचं उत्तर पाठवा. कंपनीने एकटीने नेमलेला लवाद मला मान्य नाही, हे पहिलं वाक्य. २०१७ आणि २०१९ च्या निकालांपासून सर्वोच्च न्यायालय अशा एकतर्फी नेमणुकांवर कठोर होत आलं आहे. निवाडा झालाच असेल तर तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत आव्हान द्यावं लागतं.

लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हेही ठरलेलं आहे.

तक्रार नेमकी कुठे करायची?

पहिली तक्रार ज्यांनी कर्ज दिलं त्यांच्याकडे, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे. शाखेतल्या साहेबांना तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. प्रकरण आधीच न्यायालयात किंवा आयोगात असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, तेव्हा क्रम विचार करून ठरवा.

पैशाची भरपाई हवी असेल, किंवा विक्री थांबवायची असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, चेन्नईला जावं लागत नाही. सेवेपोटी तुम्ही दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. विक्रीला स्थगिती हवी असेल तर तक्रारीसोबतच अंतरिम अर्ज द्या, गाडी विकली गेल्यावर स्थगितीला अर्थ नाही. ऑनलाइन दाखल करायचं तर 'ई-जागृती' पोर्टल, आणि वाट विचारायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आपल्याकडचा एक खास घोळ म्हणजे पतसंस्था. गाडी पतसंस्थेच्या कर्जावर असेल तर लोकपालांकडे जाऊन उपयोग नाही, तो विषय सहकार खात्याचा. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि मग वसुली अधिकारी जप्ती करतो. त्या दाखल्याशिवाय संचालकाच्या भाच्याने येऊन गाडी नेली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा. आणि खासगी सावकाराने 'व्याज दिलं नाहीस' म्हणून गाडी दारात लावून घेतली असेल, तर त्याच्याकडे परवाना आहे का हे आधी पाहा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि त्याचीही तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडेच होते.

माझी टॅक्सी आहे. ग्राहक धरतात का?

स्वतः चालवून पोट भरत असाल तर हो. कायद्यातल्या 'व्यापारी उद्देश' या अपवादातून स्वयंरोजगार वगळलेला आहे. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर असतील तर आयोग बहुधा दार लावील. तक्रारीत 'उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून' हे शब्द स्पष्ट लिहा आणि चालकाच्या बॅजची प्रत जोडा.

गाडी मित्राला दिली होती, 'पुढचे हप्ते तू भर' या बोलीवर. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीही केली.

हा प्रकार गावोगाव आहे आणि प्रत्येक वेळी असाच संपतो. कंपनीच्या लेखी मित्र अस्तित्वातच नाही. कर्ज तुमचं, सिबिल (कर्जफेडीची नोंद) तुमचं, नोटीस तुम्हाला. शिवाय कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय तारण गाडी दुसऱ्याला दिली हा करारभंग, आणि कंपनी त्यावरून विश्वासघाताची तक्रार करू शकते. स्टॅम्प पेपर मित्राविरुद्ध पैसे मागायला उपयोगी पडेल, तेवढाच.

सिबिल किती दिवस खराब राहील?

'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यांत फरक आहे. सूट घेऊन मिटवलं की 'सेटल्ड' लागतं, आणि पुढचं कर्ज देणारा ते पाहून कपाळाला आठ्या घालतो. घराचं कर्ज काढायचा विचार असेल तर सूट न घेता पूर्ण भरणं कधीकधी स्वस्त पडतं. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढा. गाडी विकून आलेले पैसे वजा न करता मूळ आकडाच थकीत दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत निकाली निघाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

ग्राहक आयोगात स्वतः उभं राहता येतं, मराठीत बोलता येतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि इतर काही गटांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, तिथे कंपनीचा माणूस सूट द्यायच्या तयारीने आलेला असतो. फक्त तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून आकडा पटला तरच सही.

गाडी जाऊन तीन महिने झाले. अजून चलनं मलाच येतायत, टोलचे मेसेजही!

म्हणजे गाडी रस्त्यावर आहे आणि कागदावर अजून तुमची आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. अपघाताच्या दाव्यात न्यायाधिकरण आधी आरसीवरचं नाव पाहतं. तुम्ही आरसी दिली नाही तरी कंपनी कलम ५१ खाली फॉर्म ३६ भरून आपल्या नावाची आरसी मागू शकते, आणि त्याआधी आरटीओ तुम्हाला टपालाने नोटीस पाठवून म्हणणं मांडायची संधी देतं. ती नोटीस आली तर हिशेब बाकी असल्याचं तिथेच लिहून द्या. आलीच नसेल तर आपण होऊन आरटीओला आणि कंपनीला पत्र द्या, गाडी अमुक तारखेला, अमुक वाजता, इतक्या किलोमीटरला ताब्यात घेतली, त्यानंतरच्या वापराशी माझा संबंध नाही. इन्व्हेंटरीची प्रत जोडा. प्रत्येक चलनावर ऑनलाइन हरकत घ्या, तेच पत्र जोडून. आणि फास्टॅग आजच बंद करा, तुमच्या पैशाने कोणीतरी खालापूरचा टोल भरतोय.